सायत्राच्या चित्राला वरची बाजू नाही

“डोक्यावरचं ओझं म्हनते. माया भावाले. डोक्यावरचं ओझं.”

कवडू तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा समाजमंदिराच्या पत्र्यावरून एक खार खाली पडली. खोटं सांगत नाही. फार तर ती आधीपासून पडायच्या बेतात असेल. पण कवडूचा आवाज म्हणजे आवाज आहे. त्याची पिठाची चक्की चालू असते, तेव्हाही तो गिऱ्हाइकाशी साध्या आवाजात बोलतो आणि गिऱ्हाइकाला स्वच्छ ऐकू जातं, आता बोला. त्या दिवशी तर चक्की बंद होती आणि तो चिडलेला होता. वैनगंगेच्या पलीकडच्या गावातली माणसं आपापल्या भावांची चौकशी करायला घराबाहेर आली असणार.

समाजमंदिरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली होती आणि कपड्यांच्या चिमट्यांनी तिच्यावर अकरा चित्रं टांगली होती. कवडू चौथ्या चित्रापुढे उभा होता. ते चित्र त्याच्या वहिनीचं, सायत्राचं. सायत्राचा नवरा देवाजी, म्हणजे कवडूचा थोरला भाऊ, लकवा मारल्यापासून तीन वर्षं खाटेवर. चित्राखाली छापील चिठ्ठी होती: ‘काळजी घेणाऱ्या व्यक्तीला रुग्ण हा डोक्यावरचं ओझं वाटतो.’ आणि ती चिठ्ठी लिहिणारी ऋजुता, शहरातल्या एका संस्थेतून आलेली सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरगी, माझ्या पदरामागे लपायचा विचार करत होती. माझा पदर तेवढा मोठा नाही, म्हणून राहिलं.

हे सगळं आज वर येण्याचं कारण मोह. दोन उन्हाळे गेले त्या गोष्टीला. पण परवा सकाळी दार उघडलं आणि तो वास आला. ज्यांनी मोहाचा वास घेतला नाही त्यांना कसं सांगावं? गोड आहे, पण देवघरातला गोड नाही. थोडा शिळा, थोडा ओला, अंगाला चिकटणारा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात चैतात सगळं करपून गेलेलं असतं, सायकलचं हँडल फडक्यानं धरावं लागतं, सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांची लाल धूळ पानांवर बसते, अशा वेळी एकटा मोह रात्रभर तयारी करून पहाटे टपटप फुलं टाकायला लागतो. पिवळट, रसाळ, करंगळीच्या पेराएवढी फुलं. अंगावर एकही धड पान नसताना हा उधळेपणा. माझं तर म्हणणं आहे, आमच्या भागात सर्वांत निलाजरं झाड तेच. कर्जबाजारी राजासारखं देत सुटतं.

झाडाखालचा पाला आधीच जाळून जागा साफ केलेली असते. काळ्या वर्तुळावर पिवळी फुलं. पहाटे पाचला बाया टोपल्या घेऊन निघतात, सहा-सात जणींचं टोळकं, बोलत, खोकत, मुद्दाम आवाज करत. कारण मोह फक्त माणसांना आवडतो असं नाही. अस्वलाला आवडतो, हरणाला आवडतो, आणि हरीण ज्याला आवडतं त्यालाही आवडतो. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरते, एकट्यानं जाऊ नका, गटानं जा. मोहाचं काय होतं हे विचारू नका. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्याचे लाडू होतात. मी लाडवांबद्दलच बोलत आहे.

तर, ऋजुता आली ती अशा हंगामाच्या तोंडावर.

तिच्या संशोधनाचं नाव दीड ओळीचं होतं. मी अंगणवाडीत तीस वर्षं काढली, सरकारी परिपत्रकं वाचून माझे डोळे गेले, तरी ते नाव मला एका दमात म्हणता आलं नाही. मतलब एवढाच की घरातल्या आजारी माणसाला जो उचलतो, धुतो, भरवतो, त्याच्या जिवाला काय होतं ते समजून घ्यायचं. मला ‘स्थानिक सहायक’ म्हणून घेतलं होतं. म्हणजे घरं दाखवायची, कुत्री हाकलायची, आणि ऋजुताचं मराठी गावाला आणि गावाचं मराठी ऋजुताला समजावून सांगायचं.

तिच्या आधीही लोक येऊन गेले होते. फॉर्म घेऊन. तुम्हाला थकवा येतो का, नेहमी, कधीकधी, कधीच नाही. आमच्या बायांनी त्यांना एकच उत्तर दिलं, “बरं हाये.” झोप? बरं हाये. पाठ? बरं हाये. जिच्या नवऱ्याच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या तीही म्हणाली, बरं हाये. ‘बरं’ हे आमच्याकडचं झाकण आहे. भांड्यात काय शिजतंय ते पाहुण्याला दाखवायचं नसतं, आणि प्रश्न विचारणारा पाहुणाच असतो, तो चहा पिऊन जाणार असतो.

ऋजुताला हे कळलेलं होतं, एवढं श्रेय तिला द्यायला हवं. तिनं फॉर्म पिशवीतच ठेवला आणि खडूच्या पेट्या काढल्या. म्हणाली, सांगावंसं वाटत नसेल तर काढा. काढावंसं वाटत नसेल तर नुसतं बसा. तुमचा दिवस कसा असतो, त्यात तुम्ही कुठे आणि तुमचा माणूस कुठे, एवढंच. कागदावर नाव लिहायचं नाही, फक्त आकडा. कुणाचं कोणतं ते कोणाला कळणार नाही.

शेवटचं वाक्य ऐकून मी हसू दाबलं. शंभर घरांचं गाव. इथं कुणी शिंकलं तर नाव न सांगता कळतं.

पहिला अर्धा तास कुणी खडूला हात लावला नाही. चित्र काढणं हे शाळेतल्या पोरांचं काम, किंवा मग लग्नात. मग एकीनं विचारलं, आधी सडा टाकायचा का? तिथून सुरुवात झाली. बाया खुर्च्यांवरून उतरल्या, कागद जमिनीवर पसरले, उकिडव्या बसल्या आणि रांगोळीला भिडावं तशा भिडल्या. गणपतभाऊ नावाचा एक म्हातारा बाप होता, त्याच्या पोरीला सिकलसेल. त्यानं अडीच तास खपून नुसती एसटी काढली. लाल, सगळ्या खिडक्यांसह, मागे शिडी, टपावर सायकल. ऋजुतानं हळूच विचारलं, यात तुमची मुलगी कुठे आहे? गणपतभाऊनं तिच्याकडे असं पाहिलं की हिला शिकवलं कोणी. म्हणाला, आत बसली आहे, दवाखान्यात चालली आहे. ऋजुतानं तेवढंच वहीत टिपलं. पण मला ती एसटी विसरता येत नाही. दर महिन्याला ती पकडायला तो पहाटे पोरीला पाठीवर घेऊन फाट्यापर्यंत जातो, आणि एवढ्या वर्षांत कुणी त्याला विचारलं नव्हतं की भाऊ, तुझी पाठ कशी आहे.

हाताची एक गंमत आहे. तोंडाला आयुष्यभर वळण लावलेलं असतं, सासरी काय बोलावं, साहेबापुढे काय बोलावं. हाताला असं कुणी शिकवलेलं नसतं. हात जे करतो तेच काढतो. जिचा दिवस बादलीत जातो तिची बादली घरापेक्षा मोठी येते. ते पाहून तिची तीच दचकते.

मलाही एक कागद मिळाला होता. सहायकानं आधी स्वतः करून पाहावं असा नियम. माझी आई अकरा वर्षं माझ्याकडे होती, शेवटची सहा वर्षं तिला मी कोण ते आठवत नव्हतं. मी काय काढलं? भलामोठा वड काढला. आई म्हणजे वड, मी खाली बसलेली, वर पाखरं. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, बघा, असं असतं आमच्याकडे. गावभर थापा मारायची सवय, ती कागदावर तरी कशी सुटणार.

खरं काय ते इथे लिहिते. आईच्या त्या वर्षांत एका मोहाच्या हंगामात मी रोज सकाळी तिला आत ठेवून बाहेरून कडी लावत होते. अंगणवाडी उघडायच्या आधीचे तीन तास माझे होते, आणि मला जंगलात जायचं होतं. फुलांसाठी म्हणा, हवेसाठी म्हणा. परत येऊन कडी उघडली की आई दाराला कान लावून बसलेली असायची. मला विचारायची, बाई, इथी कोनी राहते का? मी वड काढला. कडी काढायची माझी छाती झाली नाही. असंच बाकीच्यांनीही केलं असतं तर ऋजुता अकरा झाडं घेऊन शहरात गेली असती आणि सगळे खूश झाले असते.

सायत्रानं झाड काढलं, पण ते झाडच होतं. मोह. आणि त्याखाली टोपल्या घेतलेल्या सहा बाया.

तिची गोष्ट अशी. देवाजीला लकवा मारला तेव्हा त्याची उजवी बाजू गेली आणि सगळी भाषा गेली, एक शब्द सोडून. तो शब्द ‘बुधवार’. आमचा बाजार बुधवारी भरतो, म्हणून असेल, की नुसताच उरला असेल, देव जाणे. भूक लागली की बुधवार. तहान लागली की बुधवार. पाठ खाजवली की समाधानानं, लांबवून, बुधवाऽर. सायत्राला त्याचे अकरा प्रकार ओळखू येतात, ती एखाद्या कारकुनासारखी ते वेगळे करते. मी तिथे बसून पाहिलं आहे. मला दोनच कळले, राग आणि चहा.

पहाटे देवाजीला उठवायचं, पुसायचं, खालचं बदलायचं, भरवायचं, कूस वळवायची. ते होईपर्यंत आठ वाजतात. तोवर गावच्या बाया मोह वेचून परत निघालेल्या असतात. सायत्रा आठनंतर निघायची. एकटी. त्या वेळेपर्यंत अर्धी फुलं गुरांनी खाल्लेली आणि उरलेली उन्हानं कोमेजलेली. आदल्या वर्षी तिला झाडाखाली अस्वल भेटलं. ही गोष्ट मी सांगते तेव्हा अस्वल जीपएवढं असतं, दोन पायांवर उभं राहतं, सायत्रा त्याच्या डोळ्यांत डोळे घालते आणि दोघं झाडाची वाटणी करतात, हा अर्धा तुझा, तो अर्धा माझा. सायत्रा सांगते तेव्हा दोन शब्द असतात. होतं. गेलं.

पण ती घरी आली तेव्हा तिची टोपली रिकामी होती आणि ब्लाउज घामानं अंगाला चिकटलेला होता. त्या रस्त्यानं मी तिला येताना पाहिलं. तिला काही झालं असतं तर देवाजीचे अकरा बुधवार कोणी ओळखले असते? हा प्रश्न तिला रोज सकाळी आठ वाजता पडत होता. आणि तिला माणूस हवा होता. पाच ते नऊ, खाटेजवळ बसायला. पंधरा-वीस दिवस, बस. तिनं कवडूला विचारलं का नाही? विचारलं होतं की. आडून. भाऊजी, यंदा मोह चांगला आहे म्हणते. कवडू म्हणाला, हो, चांगला आहे. झालं बोलणं.

आता पुन्हा समाजमंदिरात चला, तिथं कवडू अजून ओरडतोच आहे.

ऋजुताच्या संस्थेनं तिला चित्र वाचायचा एक तक्ता दिला होता. कागदाच्या वरच्या भागात काय, खालच्या भागात काय, कोण मोठं, कोण लहान, रिकामी जागा कुठे. सायत्राचा कागद भिंतीवर टांगला की वरच्या कडेला खाट दिसत होती, खाटेवर माणूस, उलटा, पाय आभाळाकडे. खालच्या कडेला एक बाई, बारकी, डोकं खाटेकडे. खाटेच्या डावीकडे बसायचं एक पिढं, रिकामं, पालथं पडल्यासारखं. आणि खालच्या कोपऱ्यात एक उलटं झाड नि काही बाया, त्यांना तक्त्यात रकाना नव्हता. तक्त्याप्रमाणे अर्थ सरळ होता. रुग्ण वर, बाई खाली, दबलेली. पिढं रिकामं म्हणजे एकटेपणा. ऋजुतानं तसं लिहिलं, आणि गावाला दाखवून मत घ्यायचं म्हणून टांगलं. मत मिळालं.

आकड्याच्या मागे कोण आहे ते ओळखायला कवडूला क्षणही लागला नाही. खाटेच्या एका पायाखाली तीन विटा काढलेल्या होत्या. गावात विटांवरची खाट एकच.

“हे पिढं कोनाचं रिकामं?” त्याचा आवाज फाटायला आला होता. “कुठी चालली हे? पळून जाऊन राह्यली का? उद्या गाडी आनतो न भावाले माया घरी नेतो. मंग बस म्हना मोकळी.”

 हे आता नुसतं ओरडणं उरलं नव्हतं. देवाजीला नेलं असतं तर नवऱ्याला ओझं म्हणणारी बाई हे नाव सायत्राला जन्मभर चिकटलं असतं. आणि नेऊन कवडूनं त्याचं काय केलं असतं? त्याला एकही बुधवार कळत नव्हता.

तेवढ्यात सायत्रा आली. सगळ्यांच्या शेवटी, नेहमीसारखी, देवाजीचं जेवण आटोपून, हात पदराला पुसत. तिनं गर्दीकडे पाहिलं, कवडूकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. मला म्हणाली, खाली काय लिवलं ते वाचा. मी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता वाचलं.  मग तिनं हात वर केला, एक चिमटा काढला, दुसरा काढला, कागद उतरवला आणि समाजमंदिराच्या मधोमध फरशीवर ठेवला. चिठ्ठी गळून बाजूला पडली, ती तिनं उचलली नाही.

“भाऊजी, खाली बसा.”

कवडूनं सांगितलं की त्याला जे बोलायचं ते तो उभ्यानंच बोलेल.

“चित्र खाली बसून काढलं,” ती म्हणाली. “खाली बसूनच दिसते.”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. तीस वर्षं अंगणवाडीच्या दारात रांगोळ्या काढल्या, आणि हे मला सुचू नये? जमिनीवर रांगोळीचा चौक काढणारी बाई एका जागी बसत नाही. ती फिरते. ही बाजू झाली की सरकते, मग ती बाजू, मग पलीकडची. चौकाला वर नसतं, खाली नसतं. त्याच्याभोवती माणसं बसायची असतात, मग ज्याच्या पुढ्यात जे येईल ते त्याचं सरळ. आमच्या बाया कागदाभोवती तशाच फिरल्या होत्या. ऋजुतानं ते पाहिलं होतं, फोटोही काढले होते. आणि नंतर कागद उचलून भिंतीवर लावला होता, कारण तिच्याकडे चित्र म्हणजे भिंतीवरचं.

कवडू बसला. बसला म्हणजे सायत्रानं बोट दाखवलं तिथे, कागदाच्या एका कडेला, गुडघे मुडपून, गुरगुरत. सायत्रा एकेक बाजू दाखवत गेली. ही दुपार, इथे ती देवाजीला कुशीवर वळवते. ही संध्याकाळ, तिची ती बारकी बाई विहिरीवर आहे, म्हणून लांब, म्हणून बारकी. आणि ही सकाळ, जिथे कवडू बसला होता ती बाजू. तिथून देवाजी उलटा नव्हता. चांगला उशीवर डोकं ठेवून झोपलेला होता. लांब मोह होता आणि त्याखाली टोपल्या घेतलेल्या सहा बाया, त्यातल्या एकीचं लुगडं सायत्राच्या लुगड्यासारखं हिरवं. आणि खाटेजवळ, अगदी कवडूच्या गुडघ्याशी, ते पिढं.

“हे कोनाचं?” त्यानं पुन्हा विचारलं. पण आता आवाज माणसाचा होता.

“तुमचं. पाच वाजल्यापासून नऊ वाजेपर्यंत. मोह पडते तोवर.”

कवडूनं कागदावरून नजर उचलली नाही. चक्कीचं काहीतरी पुटपुटला. मागून कोणीतरी सांगितलं की चक्की दहाला उघडते हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. तो म्हणाला, आपल्याले हे आंघोळी-फिंघोळीचं जमत नाई. तेव्हा सायत्रा ते बोलली, जे मी पुढे दहा गावांत सांगितलं आणि दरवेळी थोडं वाढवलं. इथे मात्र जसंच्या तसं देते.

“जड तं आहेच तुमचा भाऊ. मी नाई म्हनत नाई. तुमी उचलून पाहा न.”

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतं. लोकांना वाटतं, आजाऱ्याचं करणारी बाई म्हणजे एक तर देवी, नाही तर बिचारी. तिच्या तोंडून ‘जड आहे’ निघालं की देवी पडली, बिचारी उरली. सायत्रा त्या फरशीवर दोन्ही नव्हती. तिला चार तास हवे होते. ते तिनं कागदावर मागितले, कागद टांगून तिच्यावर उलटवला गेला, तर तिनं तो उतरवला आणि पुन्हा मागितले. मला विचाराल तर ग्रामसभेत यापेक्षा चांगला ठराव मी पाहिलेला नाही.

कवडू उठून गेला. येईन म्हणाला नाही, नाही येणार म्हणाला नाही. सायत्रानं चित्राची चार घड्यांची घडी केली आणि ब्लाउजात ठेवली.

ऋजुता त्या दुपारी समाजमंदिरातच बसून राहिली. मग तिनं एकेक चिठ्ठी काढली, अकराच्या अकरा, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा घरोघर गेलो. कागद जमिनीवर, आम्ही भोवती, आणि जिचं चित्र ती सांगेल तसं सरकायचं. पोरीचे गुडघे दुखायला लागले. तिला म्हटलं, आता तुझं संशोधन चालू झालं.

पण संस्थेतल्या वरच्या मॅडमना नेमकं सायत्राचंच चित्र हवं होतं. फोटो त्यांनी पाहिला होता. शहरात प्रदर्शन होतं, काचेची फ्रेम, मागून दिवा. पुन्हा भिंतच. सायत्रा म्हणाली, नाही. मी ऋजुताच्याच पिशवीतलं संमतिपत्र काढलं, त्यावर लिहिलं होतं की सहभागी व्यक्ती कधीही माघार घेऊ शकते. वरून कळलं की ती मुदत संपली. मग मी शुद्ध सरकारी मराठीत पत्र लिहिलं, की सदर चित्र सहभागी क्रमांक चार यांच्या मालकीच्या शेळीने भक्षण केले असून त्याबद्दल दिलगिरी आहे. तिकडून विचारणा आली, चित्राचा काही भाग शिल्लक आहे का. मी लिहिलं, शेळीची पुढील तपासणी चालू आहे. त्या पत्रावर ऋजुतानं स्वतःच्या सहीचा शिक्का मारला. सायत्राकडे शेळी नाही. कधी नव्हती.

लोक म्हणतील, खोटं. असेल. पण कुणाच्या घरची खाट, कुणाच्या विटा, कुणाचा नवरा, दिवा लावून अनोळखी माणसांनी बघायचा आणि हळहळून पुढे सरकायचं, याला जर कोणी खरं म्हणत असेल तर मला माझी शेळी लखलाभ.

आणि कवडू? समाजमंदिरातल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी पाचला पाच कमी असताना तो देवाजीच्या अंगणात उभा होता, दारूगोळ्याच्या कोठारावर पहाऱ्याला आल्यासारखा. मी मुद्दाम तिथे होते, असली गोष्ट कुणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकते का? सायत्रानं त्याला फडकं कुठे, पाणी कुठे, कोणत्या कुशीवर किती वेळ ते सांगितलं. मग टोपली उचलली आणि बायांच्या मागे गेली. देवाजी म्हणाला, बुधवार. कवडूनं पाणी दिलं. बुधवार. चादर दिली. बुधवार. त्यानं रेडिओ लावला, बंद केला, दार उघडलं, लावलं, भावाच्या तोंडाजवळ कान नेला. नऊ वाजता सायत्रा आली तेव्हा कवडूच्या बनियनचा पार चोळामोळा झाला होता आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाच्या गळ्यातून नुसती हवा येत होती. दोन दिवस चक्कीवर तो खुणांनी बोलला, हे मी जरा वाढवून सांगत आहे. पण तो तिसऱ्या दिवशीही आला आणि मोह संपेपर्यंत आला, यात एका अक्षराची भर नाही. आठवड्याभरात त्याला बुधवारचे चार प्रकार येऊ लागले. चौथा त्यानं मला शिकवला. तो हसण्याचा होता. तीन वर्षांत देवाजी हसतो हेच आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, सायत्रा सोडून.

त्या पहिल्या सकाळी मी अंगणातून रस्त्यावर येऊन बायांचं टोळकं जाताना पाहिलं. सातवी सायत्रा. सगळ्यांत मोठ्यानं तीच बोलत होती. जंगलात आवाज करत जायचं असतं म्हणून नाही. तीन वर्षं तिला उत्तरात एकच शब्द मिळत होता.

मला माझी ती कडी आठवली. मी रागावले, पण स्वतःवर नाही. स्वतःवर रागावणं आम्हा बायांना फार सोपं पडतं, आणि मग बाकी सगळे मोकळे सुटतात. आईच्या त्या अकरा वर्षांत माझे दोन भाऊ याच गावात राहत होते. एक तर भिंतीपलीकडे. माझ्या चित्रात त्यांच्यासाठी एकेक पिढं असायला हवं होतं. मी पाखरं काढली.

हंगाम संपल्यावर, एका दुपारी संस्थेतून फोन आला. शेवटची प्रश्नावली, फोनवरच, सगळ्यांची. ऋजुता नव्हती, दुसरंच कोणी होतं, गोड आवाजाचं. मी फोन स्पीकरवर टाकून सायत्राच्या अंगणात नेला. मोहफुलं वाळत पडली होती, तपकिरी झालेली, मनुकांसारखी. ती त्यांच्यातून हात फिरवत होती. देवाजी आत घोरत होता. त्या आवाजानं विचारलं की चित्र काढल्यामुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला, आणि मग पर्यायही वाचून दाखवले, मन मोकळं झालं, ताण कमी झाला, स्वतःविषयी नव्यानं कळलं, नात्यात सुधारणा झाली, यांपैकी एक किंवा अधिक.

सायत्रानं खडा निवडून बाजूला टाकला.

“यंदा बायाईसंगं मोह येचला,” ती म्हणाली.